विरजण, अंगणातली माती आणि फ्रिजमधली उरलेली बाटली

पत्र : मी जुळे सोलापुरात राहते. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी त्याला दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. डॉक्टरांनी ‘जंतुसंसर्ग’ म्हटले आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जंतू जात नाहीत. दिवसातून तीन वेळा फरशी जंतुनाशकाने पुसते, बाळाला मातीत उतरू देत नाही, सासूबाईंच्या विरजणाचे दही त्याला देणे बंद केले आहे. ‘आम्ही पोरं मातीतच वाढवली’ असे त्या म्हणतात आणि त्यावरून घरात अबोला आहे. मे महिन्यात पाच दिवसांसाठी दिलेले अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबवले होते. ते फ्रिजमध्ये आहे, सर्दी झाली की त्यातले चमचाभर देते. त्याच कप्प्यात सासऱ्यांचे इन्सुलिन असते. सासरे सांगोल्याजवळच्या बागेत डाळिंबावर तेल्या रोगासाठी फवारणी करून येतात आणि तसेच बाळाला उचलून घेतात. बागेतला रोग त्याला लागेल का? ई. कोलाय नावाचा जंतू आपल्या पोटातच असतो असे मोबाईलवर वाचले आणि रात्रभर डोळा लागला नाही. घरातले सगळे जंतू मारायचे तरी कसे? (एक आई, सोलापूर)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सलाईनची सुई टोचलेला बाळाचा हात हलू नये म्हणून दोन रात्री जिने धरून ठेवला, तिला ‘उगाच घाबरू नका’ असे मी सांगणार नाही. तुमची भीती खरी आहे आणि तिचे कारणही खरे आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. ज्या दारातून आजार घरात येतो ते उघडे राहिले आहे आणि जिथे फारसा धोका नाही तिथे तुम्ही दिवसातून तीन वेळा कंबर मोडून घेत आहात. मी याच शहरात एकोणतीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच राहील; पण जिवाणू कुठे राहतात, कशावर वाढतात आणि कशाने मरतात, हे सांगण्याइतका त्यांचा सहवास मला लाभला आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. घरातले सगळे जंतू मारता येत नाहीत आणि येत असते तरी मी तुम्हाला तो मार्ग सांगितला नसता. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या गणितानुसार एका प्रौढ माणसाच्या अंगावर आणि पोटात मिळून सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी भरतात. हे सगळे जिवाणू एकत्र करून तागडीत टाकले तर त्यांचे वजन जेमतेम पावशेर होईल. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, आपल्याला न पचलेला चोथा आंबवून त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारी आम्ले तयार करतात, काही जीवनसत्त्वे बनवतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या उपद्रवी जिवाणूला पाय रोवायला सहजासहजी ठिकाण सापडत नाही. तुमच्या बाळाला जन्मल्याबरोबर मांडीत ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले असेल, ते आठवून पाहा. ते जीवनसत्त्व नाळेतून बाळाकडे फार थोडे उतरते, आईच्या दुधातही ते कमीच असते आणि ते बनवणारे जिवाणू नवजात बाळाच्या पोटात अजून वस्तीला आलेले नसतात, म्हणून ती सोय बाहेरून करावी लागते. पुढे अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात ही वस्ती भराभर वाढते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत; त्या बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी असतात. बाळाला पाजताना तुम्ही न कळत त्यांनाही जेवू घालत होता.

ज्या ई. कोलायने तुमची झोप उडवली, तो याच वस्तीतला जुना रहिवासी आहे. थिओडोर एशरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी 1885 साली तान्ह्या मुलांच्या शीची तपासणी करताना तो पहिल्यांदा ओळखला आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. तो तुमच्या, माझ्या आणि सासूबाईंच्या पोटात आहे आणि बहुतांशी निरुपद्रवी आहे. मात्र एकाच आडनावाच्या गावात जशी चांगली-वाईट सगळी घरे असतात, तशा या एका नावाखाली अनेक उपजाती येतात आणि त्यांतल्या काहींकडे विष तयार करण्याची जनुके असतात. लहान मुलांना जुलाब करणारे ई. कोलाय हे त्या थोड्या उपजातींपैकी. तेव्हा नाव वाचून धसका घेऊ नका. ती कुठली उपजात आहे आणि ती शरीरात कुठल्या भागात शिरली आहे, यावर सगळे ठरते.

आता फ्रिजचे दार पुन्हा उघडा आणि सासऱ्यांच्या इन्सुलिनची बाटली हातात घ्या. 1980 च्या आधी मधुमेहींना डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर दिवस काढावे लागत आणि ते काहींना मानवतही नसे. 1978 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके ई. कोलायच्या निरुपद्रवी उपजातीत बसवली आणि तो जिवाणू माणसाचे इन्सुलिन तयार करू लागला. 1982 मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. आज काही कंपन्या या कामासाठी यीस्टही वापरतात, त्यामुळे तुमच्या हातातली नेमकी बाटली कोणी भरली हे तिच्या वेष्टनावरून कळेल. पण हा रस्ता पहिल्यांदा खुला केला तो ज्याच्या नावाने तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही त्यानेच, आणि सासऱ्यांचे रोजचे जेवण त्या शोधावर चालले आहे.

मे महिन्यातल्या आजाराकडे वळते. डॉक्टर ‘जंतुसंसर्ग’ म्हणतात तेव्हा त्या एका शब्दात जिवाणू आणि विषाणू दोन्ही येतात. दोन वर्षांखालच्या मुलांच्या तीव्र जुलाबांमागे जगभर रोटाव्हायरस हा विषाणू फार मोठ्या प्रमाणावर असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जुलाब कशानेही होवोत, बाळाच्या जिवाला घोर असतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्यात नेमके काय करतो, तर तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडे पाणी बाहेर ओतत राहते, हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी 1959 साली दाखवून दिले. त्या विषाने आतड्याची एक वाट मात्र बंद होत नाही: साखर आत शोषली जाताना आपल्याबरोबर मीठ घेऊन जाते आणि त्या दोघांमागून पाणी जाते. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच तत्त्वावरचे साखर-मिठाचे पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि जिथे शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. हे मी अशासाठी सांगते की ओआरएसची दोन पाकिटे तुमच्या घरात बाराही महिने असायला हवीत, आणि पुन्हा जुलाब सुरू झाल्यास पहिल्या पातळ शीपासूनच पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते विरघळवून चमच्याचमच्याने पाजत राहायला हवे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. शीत रक्त दिसले, बाळ सुस्तावले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा पाजलेले सगळेच उलटून पडू लागले, तर मात्र घरात थांबायचे नाही.

आणि आता ते उघडे दार. तुम्ही फरशीबद्दल लिहिलेत, मातीबद्दल लिहिलेत, दह्याबद्दल लिहिलेत. सबंध पत्रात पाण्याबद्दल एक ओळ नाही. सोलापूरकराला हे वेगळे सांगायला नको की आपले पाणी उजनीहून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर नळातून येते आणि घरच्या नळाला ते काही दिवसांआड येते. म्हणून आपण पिंप, हौद, कळश्या, हंडे, बादल्या जे हाताला लागेल ते भरून ठेवतो. नळ बंद असतो त्या दिवसांत रस्त्याखालच्या नळातला दाब जातो आणि जोड कुठे सैल असेल तिथून बाजूच्या गटाराचे पाणी आत झिरपू शकते. नळ सुटल्यावर पहिले पाणी गढूळ येते ते बऱ्याचदा यामुळेच. पुढे पाणी शुद्ध आले तरी त्यातले क्लोरीन साठवणीत हळूहळू उडून जाते. नळाच्या पाण्यात निदान दर लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे आणि 100 मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडू नये, अशी पिण्याच्या पाण्याची भारतीय मानके आहेत. इथे तो बिचारा स्वतः गुन्हेगार असेलच असे नाही, पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ कोणाची तरी विष्ठा त्या पाण्यापर्यंत पोहोचली, आणि विष्ठेबरोबर विषमज्वराचा, कॉलऱ्याचा आणि हगवणीचा जिवाणूही येऊ शकतो.

तेव्हा एवढे करा. नळ आला की पहिल्या एक-दोन बादल्या संडासासाठी किंवा झाडांसाठी बाजूला काढा. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकणाच्या आणि तोटीच्या भांड्यात भरा. तोटीचा माठ मिळतो, तो उत्तम. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरा, कारण घरातला प्रत्येक माणूस पेला धरलेल्या हाताची बोटे माठात बुडवतो आणि सकाळी उकळलेले पाणी दुपारपर्यंत पुन्हा होते तसे होते. बाळाचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्या. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो आणि पाणी दिसायला स्वच्छ होते, पण जिवाणू मरत नाहीत. त्यासाठी उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब हेच खरे. माठ आणि पिंप दर नव्या पाण्याला आतून घासून धुवा, आतल्या भिंतीला हाताला जी बुळबुळ लागते ती जिवाणूंनीच विणलेली चादर असते आणि तिच्याखाली क्लोरीन पोहोचत नाही.

दुसरे दार हातांचे. मी दर वर्षी पहिल्या वर्गाला एक प्रयोग करायला लावत असे. काचेच्या बशीत अगरचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खळीसारख्या खाद्याचा, थर ओतून त्याचे तीन भाग करायचे. एका भागावर न धुतलेल्या बोटांचे ठसे, दुसऱ्यावर नुसत्या पाण्याखाली धरलेल्या बोटांचे आणि तिसऱ्यावर साबणाने नीट चोळून, धुऊन, कोरड्या केलेल्या बोटांचे. बशी 37 अंशांच्या पेटीत ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी ठशांच्या जागी पांढरे, पिवळसर, कधी केशरी ठिपके उमटलेले असत. मुलींना धक्का बसे तो मधला भाग पाहून: नुसत्या पाण्याने ओल्या केलेल्या बोटांखाली कित्येकदा पहिल्यापेक्षाही दाट वस्ती असे, कारण पाण्याने जिवाणू त्वचेवरून सुटतात पण वाहून जात नाहीत, आणि ओले बोट त्यांना पुढच्या वस्तूवर पोहोचवते. साबणाच्या भागात चार-दोन ठिपके, इतकेच. बाळाची शी धुतल्यावर आणि त्याला भरवण्याआधी तुमचे, सासूबाईंचे आणि घरातल्या प्रत्येकाचे हात साबणाने धुतले गेले, तर फरशी दिवसातून एकदा साध्या पाण्याने पुसली तरी पुरे आहे. जंतुनाशकाची बाटली मात्र आजच उंच फळीवर ठेवा आणि ती कधीही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका. फरशीवरच्या जिवाणूंपेक्षा रांगत्या मुलाने प्यायलेले फिनेल कितीतरी घातक असते.

वाढून ठेवलेल्या अन्नाबद्दलही एक सांगायचे राहील, ते इथेच सांगते. चांगले ऊबदार अन्न मिळाले तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक. उन्हाळ्यात चाळीस अंश ओलांडणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात सकाळची पेज संध्याकाळी बाळाला देणे टाळावे, एवढाच त्याचा अर्थ.

सासूबाईंच्या दह्याबद्दल मी त्यांच्या बाजूची आहे. दूध उकळून कोमट केले, त्यात चमचाभर विरजण घातले की त्यातले लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे सोबती दुधातली शर्करा खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लाने दूध थिजते आणि तेच आम्ल बहुतेक रोगकारक जिवाणूंना वाढू देत नाही. त्या चमचाभर विरजणाचा कणभर अंश काचपट्टीवर पसरून, ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जांभळ्या रंगाच्या काड्या आणि त्यांच्या शेजारी बारीक मण्यांच्या माळा दिसतात. मी तो देखावा शेकडो वेळा पाहिला आहे आणि दर वेळी मला तो आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला पशुधनासारखा वाटत आला आहे: रोज थोडे बाजूला काढायचे, उद्यासाठी राखायचे, संपलेच तर शेजारणीकडून वाटीभर मागून आणायचे. हे दही औषध आहे असा दावा मी करणार नाही, कारण घरच्या विरजणात नेमक्या कुठल्या जाती आणि किती आहेत हे घरोघर बदलते. पण सहा महिन्यांवरच्या बाळाला ते उत्तम अन्न आहे आणि तुमच्या मुलाला कडक भाकरी दह्यात चांगली मऊ कुस्करून द्यायला काहीच हरकत नाही. अट एवढीच की दूध नीट उकळलेले असावे, चमचा आणि भांडे स्वच्छ असावे आणि दही त्याच दिवशीचे असावे. न तापवलेले धारोष्ण दूध मात्र कोणी कितीही कौतुकाने आणले तरी बाळाला देऊ नका. त्यातून ब्रुसेलासारखे जिवाणू खरोखरच येतात.

मातीच्या बाबतीत सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या मातीला जो वास सुटतो, तो मुख्यतः मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो. याच कुळातल्या एका जिवाणूपासून 1943 साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयावर माणसाच्या हाती पहिले खात्रीचे औषध आले. आज दवाखान्यात वापरली जाणारी कित्येक प्रतिजैविके मूळची मातीतल्या जिवाणूंची आहेत. रानात तुरीचे रोप मुळासकट उपटले तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात, नखाने फोडल्या तर आत गुलाबी. त्यात राहणारे रायझोबियम हवेतला नत्र पकडून तुरीला देतात. अशा मातीची किळस करण्याचे कारण नाही. पण त्याच मातीत धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू वर्षानुवर्षे पडून असतात, आणि ज्या मातीत कुत्री-मांजरे किंवा माणसे घाण करतात तिथे जिवाणू आणि जंत दोन्ही येतात. (जंत आणि जंतू या दोन गोष्टी वेगळ्या, जंताच्या औषधाबद्दल डॉक्टरांना वेगळे विचारा.) म्हणून अंगणातला एक स्वच्छ, कोरडा कोपरा ठरवा, तिथे त्याला खुशाल खेळू द्या, आणि घरात घेतल्यावर हात साबणाने धुवा. पूर्वीची मुले मातीत वाढली हे खरे, पण धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांनी घरोघरची किती मुले गेली, हे सासूबाईंच्या पिढीने त्यांच्या आईकडून नक्की ऐकले असेल. माती बदललेली नाही. मधल्या काळात लसी आल्या.

फ्रिजमधल्या त्या उरलेल्या बाटलीविषयी लिहिताना माझे मन कठोर होते, त्याबद्दल रागावू नका. पावडरमध्ये पाणी घालून तयार केलेले असे औषध फ्रिजमध्येही साधारण आठवडाभरच टिकते. ती मुदत बाटलीवर छापलेली असते. मे महिन्यातली बाटली केव्हाच निकामी झाली आहे. ती निकामी नसती तरी सर्दी विषाणूंची असते आणि अँटिबायोटिक तिच्यावर काही करत नाही. ते करते ते पोटातल्या वस्तीवर: ज्यांनी जागा अडवून धरली होती ते मरतात, जे चिवट आहेत ते उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांची प्रजा वाढते. अर्धवट मात्रेने हे अधिकच होते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात नेमका हाच इशारा दिला होता की अजाण माणूस कमी मात्रा घेईल आणि आपल्या जंतूंना औषधाची सवय लावून देईल. शिवाय जिवाणूंमध्ये औषध परतवण्याचे ज्ञान फक्त आईकडून लेकीकडे जात नाही. प्लास्मिड नावाच्या जनुकांच्या छोट्या कड्या एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. निरुपद्रवी ई. कोलायने शिकलेली युक्ती उद्या हगवणीच्या जिवाणूच्या हाती पडू शकते, ती अशी.

माझ्या सख्ख्या मामांनी हे सगळे सोसले. ते सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला होते. क्षयाचे औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, आणि दर गुरुवारी रजा घेऊन औषध आणायला जाणे परवडेना म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. वर्षभराने आजार उलटला तेव्हा पहिल्या दोन औषधांना तो दाद देईना. पुढची दोन वर्षे त्यांनी ज्या इंजेक्शनांवर काढली त्यांनी त्यांचे कान गेले. क्षयाचा जिवाणू फार सावकाश वाढतो, म्हणून त्याला नेहमीचे सहा महिने लागतात. बाळाच्या पाच दिवसांच्या औषधाची त्याच्याशी बरोबरी नाही, हे मला समजते. तरीही ‘बरे वाटले म्हणून थांबवले’ हे तुमच्या पत्रातले वाक्य वाचताना मला मामांचा आवाज ऐकू आला. किती दिवस द्यायचे हे डॉक्टरांना विचारा, त्यांनी सांगितले तितके दिवस द्या, आणि उरलेले औषध पुढच्या आजारासाठी राखू नका. बाळाचे वजन महिन्यागणिक बदलते आणि मात्रा वजनावर ठरते, हेही लक्षात असू द्या. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. औषधाच्या दुकानदाराने आपुलकीने पुढे केले तरी नाही.

सासऱ्यांच्या बागेचा प्रश्न याच गोष्टीशी जोडलेला आहे. तेल्या हा झँथोमोनस नावाच्या जिवाणूचा रोग आहे, तो डाळिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर तेलकट काळे डाग पाडतो, आणि माणसाला तो लागत नाही. त्या बाबतीत पूर्ण निश्चिंत राहा. फवारणीचे मात्र तसे नाही. तेल्यावर बागायतदार वर्षानुवर्षे जी पूड फवारत आले आहेत तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाची औषधे असतात. ती पानावरून मातीत उतरतात आणि मातीतल्या असंख्य जिवाणूंना तीच सवय लावतात जी तुमच्या बाटलीने बाळाच्या पोटात लावली असती. केंद्र सरकारनेही 2021 साली शेतीतील हा वापर बंद करण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला होता. सासऱ्यांना घरातली सून हे सांगते आहे असे वाटू देऊ नका. आपल्याच शहराजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळणे, मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण, पावसाळ्यातला मृग बहार टाळून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरणे असे उपाय तिथली तज्ज्ञ मंडळी त्यांना बागेच्या भाषेत समजावून देतील. घरी आल्यावर त्यांनी आधी अंघोळ करून कपडे बदलावेत आणि मगच नातवाला घ्यावे. हा नियम तेल्यासाठी नाही, अंगावर आलेल्या फवाऱ्यासाठी आहे, आणि कारण कळले की आजोबा तो आनंदाने पाळतील.

अबोला कसा मोडावा हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. उद्या संध्याकाळी दूध तुम्ही तापवा आणि विरजण लावायला सासूबाईंना बोलवा. दूध किती कोमट हवे ते त्यांच्या करंगळीला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगले कळते. पाण्याच्या माठाचा कारभार मात्र तुमच्याकडे घ्या. त्यांना एकच विनंती करा, की बाळाला भरवण्याआधी हात साबणाने धुवावेत, आणि तुम्हीही त्यांच्या देखत तसेच धुवा.

बाळ चौदा महिन्यांचे आहे म्हणजे दोन महिन्यांत त्याला सोळावा महिना पूर्ण होईल, आणि घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसीचा पहिला बूस्टर तेव्हापासून देय असतो. लसीकरणाचे कार्ड आजच शोधून ठेवा, विषमज्वराची लस टोचली आहे की नाही तेही त्यावर पाहा, आणि नसेल तर बूस्टरच्या वेळी डॉक्टरांना विचारा.